हॉकीचा ज्युनियर वर्ल्ड कप बघायला घर भरतं, ग्वाल्हेरच्या कंपू मैदानावर मात्र आम्ही चौघंच. असं का?

लष्करचा राइट हाफ

मंडळी, डोक्यात एक प्रश्न घोळतोय. बायको म्हणाली, मला विचारू नका, जिथे लिहायचं तिथे लिहा. म्हणून इथे लिहितोय.

१० डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळी आमच्या ग्वाल्हेरच्या जनकगंजमधल्या घरात टीव्हीसमोर नऊ माणसं. भाऊ, वहिनी, त्यांचा जावई, वरचे भाडेकरू, आणि जिने जन्मात हॉकी स्टिक हातात धरली नाही अशी माझी सासू. चेन्नईत ज्युनियर वर्ल्ड कप चालू होता, ब्राँझची मॅच. अर्जेंटिना २-० ने पुढे आणि तीन क्वार्टर संपलेले. भाऊ म्हणाला, गेली मॅच. आणि मग शेवटच्या क्वार्टरमध्ये पोरांनी चार गोल टाकले. ४-२. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. त्या एरवी गुडघ्यांमुळे आरतीलासुद्धा बसूनच असतात.

त्यानंतर त्याच मैदानावर फायनल. जर्मनी विरुद्ध स्पेन. हॉकी म्हणून बघाल तर ही जास्त कसलेली मॅच, थेट शूटआउटपर्यंत गेली. पण आमच्या घरात कप-बश्या उचलल्या गेल्या आणि कुणीतरी सिरीयल लावली. मी आतल्या खोलीत मोबाइलवर एकटा बघत बसलो.

पुढच्या रविवारी कंपूच्या टर्फवर मुलींची मॅच होती. महिला हॉकी अकादमी तिथेच आहे, २००६ पासून. छान ऊन पडलं होतं, तिकीट नाही, घरापासून टेम्पोने दहा मिनिटं. मी घरात सगळ्यांना विचारलं, चलता का? भावाने विचारलं, "कोण कोण खेळतंय?" मी म्हणालो, अकादमीच्या मुली आणि बाहेरची एक टीम. तो म्हणाला, "हां, मग तू जाऊन ये."

बघणारे किती? मी, दोन आया, आणि एक गृहस्थ जे नंतर कळलं की पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर होते.

आता हे कुठल्याही गावात झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण हे ग्वाल्हेर आहे. कॅप्टन रूपसिंह इथले झाले. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ ने हरवलं त्यातले दहा गोल एकट्याचे. शिंदे संस्थानच्या नोकरीत इथे आले आणि १९७७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. आज त्याचं नाव घेतलं की लोकांना २४ फेब्रुवारी २०१० आणि सचिनचे २०० आठवतात. मलाही आठवतात, मी होतो तिथे, खोटं कशाला बोलू.

तरी "लोकांना क्रिकेटच आवडतं" हे उत्तर कृपा करून देऊ नका. नऊ माणसं हॉकीसाठीच बसली होती. आणि तीही एकवीस वर्षांखालच्या पोरांच्या हॉकीसाठी, ज्यातल्या एकाचंही नाव आमच्या घरात आदल्या आठवड्यापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मग कंपूवर का येत नाहीत?

रीलवाला_७

काका, सिंपल आहे. क्वालिटी. इंटरनॅशनल मॅच फास्ट असते, रिप्ले असतो, ड्रॅग-फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत मारलेला फटका, स्लो मोशनमध्ये दिसते. लोकल मॅचमध्ये अर्धा वेळ बॉल साइडलाइनच्या बाहेर. तासभर कोण बसणार?

लष्करचा राइट हाफ

बाळा, तुझं म्हणणं मान्य केलं तर जर्मनी–स्पेनला घर दुप्पट भरायला हवं होतं. रिकामं झालं.

आणखी एक. याच वर्ल्ड कपात मदुराईला आपण ओमानला १७-० ने हरवलं. पाकिस्तानने नाव काढून घेतलं म्हणून ओमानची पोरं आयत्या वेळी आली होती. सतरा-शून्य ही काय हॉकी झाली? ती तर नेट प्रॅक्टिस. तीही आमच्याकडे शेवटपर्यंत बघितली, वर सासूबाई प्रत्येक गोलला "अजून एक" म्हणत होत्या. क्वालिटीचा काही संबंध नाही यात.

शिट्टीवाला

मी जिल्ह्याच्या पातळीवर बरीच वर्षं अंपायरिंग केलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

राइट हाफ, तुमच्या भावाने जो प्रश्न विचारला तो अगदी बरोबर होता आणि तुमच्याकडे उत्तर नव्हतं. कोण खेळतंय, हरलं तर काय होणार, जिंकलं तर पुढे कुणाशी. या तिन्हीची उत्तरं वर्ल्ड कपमध्ये सासूबाईंनासुद्धा माहीत होती. चोवीस संघ, चार-चारचे सहा गट. गटात पहिला आला तो क्वार्टर फायनलला, आणि दुसऱ्या नंबरवाल्यांतले फक्त दोघे. म्हणजे पहिल्याच आठवड्यात एखादी मॅच गेली की संपल्यात जमा. म्हणून ओमानविरुद्धचा सतरावा गोलही वाया नव्हता, गुणांची बरोबरी झाली तर गोलांचा फरक मोजतात. बेल्जियमशी क्वार्टर फायनल शूटआउटवर गेली तेव्हा ज्यांना शूटआउट म्हणजे काय हे माहीत नव्हतं तेही विचारून विचारून शिकले. एकटा खेळाडू गोलकीपरवर चालून जातो, आठ सेकंद असतात, गोलकीपर बाहेर येतो, रिबाउंडही चालतो, एवढं एकदा सांगितलं की झालं.

आता आपल्या लोकल स्पर्धा बघा. फिक्स्चर आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येतं आणि सकाळी बदलतं. नऊची मॅच अकराला, कारण पाहुणे आले नाहीत आणि नारळ फोडायचा राहिलाय. एक टीम येतच नाही, वॉकओव्हर. मी स्वतः शिट्टी गळ्यात घालून वॉकओव्हर लिहिण्यासाठी उन्हात उभा राहिलोय. गुणतक्ता कुठेच लावलेला नसतो. स्कोअरबोर्ड असतो, पण त्यावर मागच्या वर्षीचे आकडे. ज्याला लग्नाची तारीखच सांगितली नाही तो जेवायला आला नाही म्हणून रुसायचं, असला प्रकार.

आणि वयाचं. सतरा वर्षांखालच्या मॅचमध्ये एखादा दाढीवाला राइट-इन उतरला की बघणारा एकदा हसतो, दुसऱ्यांदा येत नाही. कागदपत्रं बरोबर असतीलही, पण बघणाऱ्याचा विश्वास उडाला की उडाला.

एक जुनी गोष्टही सांगतो, कारण तिचा या सगळ्याशी संबंध आहे. आपल्या देशातली हॉकी क्लबांपेक्षा खात्यांनी वाढवली. रेल्वे, पोलीस, फौज, बँका, गिरण्या. १९४८ ला लंडनमध्ये इंग्रजांना त्यांच्याच घरात ४-० ने हरवलं तेव्हाचे आपले कॅप्टन किशनलाल. महूचे, आणि खेळायचे रेल्वेकडून. रेल्वेची टीम मैदानात उतरली की रेल्वे कॉलनी येणार हे ठरलेलं, कारण लेफ्ट-आउटला खेळणारा माणूस सोमवारी त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसायचा. तो "आपला" होता. आता खेळाडू अकादमीत राहतात, सकाळी सहाला टर्फवर आणि संध्याकाळी परत टर्फवर. खेळ त्यांचा शंभर पटीने सुधारला. पण गावातला एक माणूस त्यांना ओळखत नाही.

ओंटारियोतला दौलतगंजकर

राइट हाफ काका, नमस्कार. मी मूळचा दौलतगंजचा, पण आता कॅनडात, ओंटारियोतल्या लंडन या गावी असतो. इथली हॉकी बर्फावरची, नियम वेगळे. पण तुमचा प्रश्न इथे दर डिसेंबरला जसाच्या तसा पडतो. म्हणून मोठं उत्तर देतोय, सुट्टीवर आहे, बाहेर उणे चौदा आहे.

इथे सोळा ते वीस वयाच्या मुलांच्या तीन मोठ्या लीग आहेत: ओंटारियो, क्यूबेककडची आणि पश्चिमेची. मिळून साठच्या आसपास टीम. प्रत्येक टीम एका सीझनमध्ये साठहून जास्त मॅचेस खेळते, त्याही प्लेऑफ, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्या, सोडून. आता एवढ्यांतली एखादी नोव्हेंबरातली बुधवारची मॅच हरली काय, जिंकली काय. टीव्हीवर कुणी शोधत नाही.

आणि मग २६ डिसेंबर उजाडतो. वर्ल्ड ज्युनियर्स. दहा देश, वीस वर्षांखालची मुलं, ५ जानेवारीच्या आसपास फायनल. २०२५-२६ ची अमेरिकेत मिनेसोटाला. ज्या घरात वर्षभर ज्युनियर लीगची एक मॅच लागत नाही, त्या घरात आजी-आजोबा, नातवंडं, जावई सगळे सोफ्यावर. आमच्या ऑफिसातला एक जण या दिवसांत लग्नकार्यालासुद्धा जात नाही.

गंमत अशी की मुलं तीच. कॅनडाच्या त्या टीममधली बहुतेक पोरं याच तीन लीगमधून उचललेली. नोव्हेंबरच्या बुधवारी ज्याला कुणी बघितलं नाही, तोच मुलगा सहा आठवड्यांनी मेपलचं पान छातीवर लावून उतरतो आणि अख्खा देश त्याचं नाव घेतो. क्वालिटीवाल्या भाऊंना हे मुद्दाम सांगतोय.

पण नुसत्या झेंड्याने हे झालं असं मानू नका. १९८१ पर्यंत कॅनडा बहुतेक वेळा या स्पर्धेला आपली क्लब चॅम्पियन टीमच पाठवून द्यायचा, आणि तेव्हा इथे कुणाला या स्पर्धेचं फारसं सोयरसुतक नव्हतं. १९८२ पासून देशभरातून निवडलेली टीम जायला लागली. त्याच वर्षी मिनेसोटात त्यांनी सुवर्ण जिंकलं. राष्ट्रगीताची टेपच आयोजकांकडे नव्हती, तेव्हा पोरांनी बर्फावर उभं राहून स्वतःच गायलं. पुढे १९८७ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत संघाशी इतकी मारामारी झाली की मैदानातले दिवे बंद करावे लागले. दोन्ही संघ बाद. कॅनडाचं पदक गेलं आणि स्पर्धा घराघरांत पोचली. १९९१ पासून टीएसएन या स्पोर्ट्स चॅनेलने ती हातात घेतली आणि दर वर्षी त्याच तारखांना, प्रत्येक मॅचच्या आधी नंतर तासभर बोलत, खेळाडूंच्या आई-वडिलांना दाखवत, नाताळच्या सुट्टीची सवय करून टाकली. सवय हा शब्द जपून वापरतोय.

याचा पुरावाही मिळाला. २०२१ च्या डिसेंबरात एडमंटनला स्पर्धा सुरू झाली आणि कोविडमुळे चार दिवसांत गुंडाळली. तीच पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच शहरात परत घेतली. तोच झेंडा, त्याच दर्जाची पोरं. फायनलला कॅनडाने फिनलंडला ओव्हरटाइममध्ये ३-२ ने हरवलं, त्यात एका कॅनेडियन खेळाडूने गोलरेषेवरून पक (बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती) हवेतच स्टिकने परतवला. असला थरार. आणि स्पर्धाभर स्टेडियमच्या खुर्च्या ओसाड! त्या उन्हाळ्यात इथल्या हॉकी संघटनेवरून मोठं वादळ उठलं होतं, तिकिटंही महाग होती, हे खरं. पण ऑगस्टात कॅनडाचा माणूस तळ्याकाठी असतो, हॉकीसमोर नसतो. चारच महिन्यांनी हॅलिफॅक्स आणि मॉंक्टनला नेहमीच्या तारखांना स्पर्धा झाली आणि स्टेडियमं दणाणली.

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू. आमच्या गावची टीम, लंडन नाइट्स. लोकलच की. स्टेडियम नऊ हजारांचं आणि बहुतेक वेळा भरलेलं. २०२५ च्या जूनमध्ये त्यांनी मेमोरियल कप, म्हणजे या तिन्ही लीगचा मिळून असलेला कप, जिंकला. म्हणजे लोकल मॅच रिकामीच असते असं नाही. इथे का भरते? मला वाटतं त्याचं कारण म्हणजे बाहेरगावाहून आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हॉस्टेलवर राहत नाही, गावातल्या एखाद्या कुटुंबात राहतो. त्यांच्याच टेबलावर जेवतो, गावच्या शाळेत जातो. त्या घरचे सगळे मॅचला येतात, त्यांचे शेजारी येतात, वर्गातली पोरं येतात. माझ्या मुलीच्या शाळेत अशी दोन मुलं होती. एकाने तिच्याकडून गणिताची वही नेली ती परत आणली नाही, त्यामुळे आमचं घर त्या टीमचं कायमचं प्रेक्षक झालं. वही कधी मागायची हेच बघायला जातो म्हणा ना.

शिट्टीवाल्या काकांनी रेल्वे कॉलनीचं लिहिलं ते वाचून मला हेच आठवलं.

गोलकीपरची आई

माझी मुलगी इथल्या फीडर सेंटरला (लहान खेळाडू तयार करतात तिथे) जाते, गोलमध्ये उभी राहते. पॅड, हेल्मेट, किकर (पावलांवरची जाड पॅडं) सगळं मिळून तिच्या वजनाच्या निम्मं असेल. राइट हाफ काका, तुम्ही म्हणता त्या दोन आयांपैकी एक बहुधा मीच. हिरवा स्वेटर.

मला वेगळंच सांगायचंय. आमच्या घरीही वर्ल्ड कप बघतात आणि मुलगी तर गोलकीपरशिवाय काही बघतच नाही. बाकीचे बॉलमागे ओरडतात, ही गोलकीपरचे पाय बघते. मागे एप्रिल २०२२ मध्ये मुलींचा ज्युनियर वर्ल्ड कप दक्षिण आफ्रिकेत पॉचेफस्ट्रूमला होता, तेव्हा आपल्या ग्वाल्हेरची इशिका चौधरी उपकर्णधार होती. आमच्या गल्लीत तेव्हा ज्यांना हॉकीतलं ओ की ठो कळत नाही तेही विचारत होते, "अपनी इशिका की मॅच कब है?" चौथ्या आलो, ब्राँझची मॅच इंग्लंडकडून शूटआउटमध्ये गेली. दोन दिवस बायका भाजीवाल्यापाशी त्याचं बोलत होत्या.

म्हणजे इशिका आफ्रिकेत गेली तेव्हा गल्लीला कळलं की ती आपली. इथे असताना कळलं नाही. याचा राग येत नाही, पण नवल वाटतं.

दुसरं, खरं सांगू का, मला कंपूवर फार गर्दी नकोय. चार लोक असतात तेव्हा मुलीने गोल खाल्ला तर ती पुढच्या मिनिटाला विसरते. मागे एका शाळेच्या स्पर्धेत बरीच मुलं बसवली होती, घोषणा वगैरे, आणि एका गोलनंतर ती हाफटाइमपर्यंत रडत खेळली. पंधरा वर्षांची आहे. टीव्हीवरच्या पोरांना लोक काय काय बोलतात ते मी मोबाइलवर वाचते, मग म्हणते राहू दे बाई, टँकरचे ड्रायव्हर बरे. (ते गृहस्थ नेहमी येतात. खेळ समजतो त्यांना, पेनल्टी कॉर्नरच्या वेळी बरोबर गोलच्या मागे जाऊन उभे राहतात.)

पण काकांचं मन दुखवायचं नव्हतं. तुम्ही येत जा. तुमच्यासारखे वीस आले तर चालतील.

जाता जाता, गोलकीपरच्या आईने सांगायलाच हवं. महूचे शंकर लक्ष्मण, मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिकला गोलमध्ये उभे होते आणि १९६६ ला एशियाडचं सोनं त्यांच्या कॅप्टनशिपखाली आलं. गोलकीपर कॅप्टन. माझ्या मुलीला हे सांगते तेव्हा ती म्हणते, पुतळा कुठाय?

ट्रायपॉड

मी इंजिनिअरिंगला आहे, गल्लीतल्या दोन-तीन स्पर्धा मोबाइलवर लाइव्ह केल्यात. तांत्रिक बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

हॉकी हा कॅमेऱ्याला सगळ्यात छळणारा खेळ आहे. बॉल साधारण टेनिसच्या बॉलएवढा, वेग भन्नाट, आणि स्टिकांच्या जंगलात लपलेला. लंडन ऑलिंपिक २०१२ पासून टर्फ निळं आणि बॉल पिवळा का झाला? टीव्हीवर दिसावा म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या टर्फवर रंग उडालेला हिरवा आणि बॉल पांढरा, ओलं टर्फ उन्हात चमकतं, की झालं, बॉल गायब. मोठ्या स्पर्धेत कॅमेरा गोलमागे असतो, उंच मचाणावर असतो, दोन्ही डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) वेगळा असतो. माझा एकच, जाळीच्या मागे, छातीच्या उंचीवर. पलीकडच्या डीमध्ये गोल झाला तर मला आवाजावरून कळतो.

अंपायरने कशासाठी शिट्टी वाजवली हे मैदानावर बसलेल्यालाही कळत नाही. पाय लागला, की स्टिकची पाठ लागली, की अडवलं? टीव्हीवर कॉमेंटेटर सांगतो आणि रिप्ले दाखवतो. अंपायरचं बोलणं माइकवर ऐकू येतं, व्हिडिओ रेफरलला तर सगळा देश अंपायर होतो. माझ्या लाइव्हवर कॉमेंट्री म्हणून माझाच श्वास आणि मागे कुणाच्या तरी आईचं "पास कर, पास कर".

बघणारे किती होते ते सांगत नाही. एकदा आकडा एकदम वाढला तर खूश झालो. मग कळलं की मैदानातल्याच राखीव मुली बेंचवर बसून माझं लाइव्ह बघत होत्या, कारण त्यांना बेंचवरून पलीकडचा कोपरा दिसत नव्हता.

रीलवाला_७

😂😂 भाऊ लिंक दे.

लष्करचा राइट हाफ

सगळ्यांना उत्तर एकत्रच देतो, बोटं दुखतात.

शिट्टीवाले, तुमची तारीख-वेळेची गोष्ट शंभर टक्के. पण तेवढ्याने होणार नाही. समजा, मी मोठ्या अक्षरात बोर्ड लिहिला, "रविवार, सकाळी १०, वेळेवर". भाऊ वेळेवर विचारेल, "कोण कोण खेळतंय?" आणि मी पुन्हा तिथेच.

दौलतगंजकर, तुझं वाचताना माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. वहीवाला मुलगा! आमच्या घरातल्या नऊ माणसांना त्या चेन्नईच्या पोरांची नावं माहीत नव्हती, पण ती कुणाची पोरं आहेत हे जर्सीवर लिहिलेलं होतं. इंडिया. तेवढ्यावर सासूबाईंचं काम झालं. तुमच्या लंडनला ते जर्सीवर लिहावं लागत नाही, गावालाच माहीत असतं. आमच्या कंपूवर दोन्ही नाही. त्या मुली हरियाणातून, मणिपूरमधून, उत्तर प्रदेशातून, आपल्याच आसपासच्या गावांतून आलेल्या. ग्वाल्हेरच्या नावाने खेळतात, ग्वाल्हेरला त्यांच्यातली एकही माहीत नाही. बाड्यावर, शहराच्या मुख्य चौकात, समोरून गेल्या तर आपण त्यांना कॉलेजच्या मुली समजू.

तुझी सुट्टीची गोष्ट मात्र मला अर्धीच पटली. आपल्याकडे सुट्ट्यांना काय तोटा आहे? दिवाळीत, नाताळात पोरं घरीच असतात. तरी कुणी कंपूवर आणून दाखव. तुमच्याकडे सुट्टीच्या आधी ओळख होती, म्हणून सुट्टी कामाला आली. हा वाद आपण नंतर घालू, तू इकडे आलास की.

गोलकीपरची आई, मन दुखावलं नाही. उलट तुम्ही लिहिलंत ते कुणी लिहिणार नव्हतं. वीसच आणतो, आणि घोषणा देणाऱ्याला मी स्वतः बाहेर काढीन.

ठरवलंय ते एवढंच: पुढच्या मॅचला एका कागदावर दोन्ही टीमच्या मुलींची यादी. नंबर, नाव, गाव, कुठल्या जागेवर खेळते, आणि एक ओळ, म्हणजे "भाऊही हॉकी खेळतो" किंवा "ड्रॅग-फ्लिक हिची बघा" असं काहीतरी. कोचना विचारूनच, मुलींनी हो म्हटलं तरच, आणि मोबाइल नंबर वगैरे काहीही नाही. शंभर प्रती. एक भावाच्या हातात कोंबणार. मग विचारू दे कोण खेळतंय.

संक्रांतीच्या आसपास मॅच असेल तर तिळगूळ माझ्याकडून. मोरेन्याची गजकही आणीन.

झेरॉक्स स्वस्तात कुठे होईल तेवढं कुणीतरी सांगा.

शिट्टीवाला

झेरॉक्स मी बघतो, जावयाचं दुकान आहे. पण यादी आदल्या रात्री फायनल करू नका. सकाळी टीम शीटवर सही झाल्यावरच नंबर टाका, नाहीतर अर्धे चुकतील.

ट्रायपॉड

काका, तीच यादी मला पाठवा. लाइव्हवर खाली नावं टाकतो. कॉमेंट्रीला कुणी बसणार असेल तर माइक आहे माझ्याकडे, कॉलर माइक, वारा लागला की खरखरतो पण चालेल.

लष्करचा राइट हाफ

कॉमेंट्रीला शिट्टीवाले बसतील. कशासाठी शिट्टी वाजली ते त्यांच्याइतकं कोण सांगणार?

शिट्टीवाला

बसतो. पण अंपायर चुकला तर मी गप्प बसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

गोलकीपरची आई

काका, नंबरांचं एक बघा. सरावाच्या मॅचला मुली एकमेकींच्या जर्सी घालतात. मागच्या वेळी सात नंबरच्या दोन होत्या आणि दोघीही लेफ्ट साइडला. माझीची ओळख सोपी आहे, हेल्मेटवाली.